प्रतिकार आणि हद्दपारी यांचे संग्रहालय एकच असावे का?

चर्चाप्रस्ताव
फ्रान्समधील ल्योन येथे १९९२ मध्ये सुरू झालेले प्रतिकार (नाझी ताब्याविरुद्धचा फ्रेंच लढा) आणि हद्दपारी (ज्यू व इतरांना नाझी छावण्यांत पाठवणे) इतिहास केंद्र ज्या वास्तूत आहे, तेथेच १९४३ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, आपले ठाणे मांडले होते आणि त्यांचा ल्योनमधील प्रमुख क्लाउस बार्बी कैद्यांचा छळ करीत असे. जागेची निवड अत्यंत योग्य आहे. या दोन स्मृती एकाच छपराखाली नांदवणे मात्र मला पटत नाही. २१ जून १९४३ रोजी ल्योनजवळच्या कालुइर येथे पकडले गेलेले प्रतिकार चळवळीचे नेते जाँ मूलँ यांनी मृत्यूची जोखीम जाणूनबुजून पत्करली होती. ६ एप्रिल १९४४ रोजी इझ्यू गावच्या बालगृहातून गेस्टापोने नेलेल्या ४४ ज्यू मुलांनी काहीच पत्करले नव्हते. त्यांना वीरगाथेशेजारी बसवले की त्यांचा खून हौतात्म्यासारखा भासू लागतो.

प्रतिसाद १
आपण केलेला भेद खरा असला, तरी ल्योनमध्ये तो टिकत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये, म्हणजे या भागात जर्मन सैन्य शिरण्यापूर्वीच, जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्सच्या विशी सरकारच्या पोलिसांनी परदेशी ज्यूंना ल्योनजवळच्या व्हेनिस्यूच्या छावणीत डांबले, तेव्हा धर्मगुरू ग्लासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईवडिलांकडून मुलांचे पालकत्व सोडल्याच्या कागदांवर रातोरात सह्या घेऊन शंभराहून अधिक मुले बाहेर काढली. त्या आईबापांना सही का करावी लागली, हे हद्दपारीचा इतिहास बाजूला ठेवून कसे सांगणार?

प्रतिसाद २
मी प्रस्तावकांशी सहमत आहे. व्हेनिस्यूला अटक करणारे फ्रेंच पोलीस होते, ही गोष्ट प्रतिकाराच्या अभिमानाखाली अनेक दशके दबून राहिली आणि राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी राज्यसंस्थेची जबाबदारी जाहीरपणे मान्य करेपर्यंत १९९५ साल उजाडले. फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यू हद्दपार झाले आणि जेमतेम अडीच हजार परतले. गेस्टापोच्याच वास्तूत हा इतिहास मांडला, तर गुन्हेगार तेवढे जर्मनच होते, असा समज सहज होऊ शकतो.

प्रतिसाद १ चे उत्तर
तो समज दूर करायचा, तर विशीच्या पोलिसांना प्रतिकाराच्या दालनाशेजारीच दाखवले पाहिजे. बार्बीवरील खटल्यातही हाच वाद झाला होता आणि डिसेंबर १९८५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने प्रतिकारकांवरील अत्याचारही मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असा निर्णय दिला. त्यामुळे १९८७ मध्ये दोन्ही प्रकारचे पीडित एकाच न्यायासनापुढे उभे राहिले. इझ्यूच्या त्या घरात १९९४ पासून मुलांचे स्वतंत्र स्मारक आहेच. ल्योनमधून हद्दपारी वगळली, तर ज्या शहरातून बार्बीने त्यांच्या अटकेची तार पॅरिसला पाठवली, तेथील संग्रहालयातच त्या मुलांचा उल्लेख उरणार नाही.