अनुभव धागा: मोबाइल अ‍ॅप बनवायला शिकताना सुरुवातीला कुठे अडलात?

सोलापूरकरांनो, कॉलेजात सी, जावा करून आलेली हुशार पोरं फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनची अ‍ॅप बनवायचं साधन) किंवा कोटलिन (अँड्रॉइड अ‍ॅपची भाषा) हातात घेतात आणि पहिल्याच आठवड्यात सोडून देतात, हे मी सारखं बघतोय. माझं ठाम मत आहे की भाषा कळत नाही म्हणून फार थोडे सोडतात. बाकीचे भाषेपर्यंत पोचायच्या आधीच इन्स्टॉलेशनमध्ये दमतात आणि 'आपल्याला जमणार नाही' असं ठरवून टाकतात. तुम्ही कुठे अडलात, कसं सुटलं, तेवढं लिहा. कोणता क्लास चांगला ही चर्चा नको.

पूर्व भाग, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष
माझा लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅमचा. अँड्रॉइड स्टुडिओ (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) आणि एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) एकत्र उघडले की माउससुद्धा हलायचा नाही. सीनियर म्हणाली, एम्युलेटर सोड, स्वतःचा फोन लाव. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथं यूएसबी डिबगिंग, म्हणजे केबलनं लॅपटॉपवरून अ‍ॅप तपासायची सोय, चालू करायचं. सगळं केलं तरी लॅपटॉपला फोन दिसेना. शेवटी कळलं की घरातली केबल नुसती चार्जिंगची, तिच्यातून डेटा जातच नाही. नवी पेठेतून डेटा केबल आणली आणि फोनवर परवानगीची चौकट आली!

मग नानांसाठी छोटं अ‍ॅप केलं: कोणत्या मागावर कोणत्या पाळीत किती टॉवेल निघाले. आमच्या घरी तेलुगू बोलतात. फोन नानांच्या हातात, केबल माझ्या लॅपटॉपला. 'पाळी'च्या जागी मी तेलुगू शब्द टाकून सेव्ह केलं आणि फ्लटरच्या हॉट रीलोडनं (अ‍ॅप पुन्हा सुरू न करता बदल दाखवायची सोय) त्यांच्या डोळ्यांसमोर बटण बदललं. नाना म्हणाले, आता रातपाळीचं पण कर. त्या दिवसापासून मला कुणी अभ्यासाला बस म्हणावं लागलं नाही.

जुळे सोलापूर
ग्रेडल, म्हणजे कोडपासून अ‍ॅप बांधणारं साधन! पहिल्या बिल्डला (बांधणीला) ते सगळ्या लायब्ऱ्या (तयार कोडचे संच) नेटवरून उतरवून घेतं. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, वायफाय बंद, बिल्ड अर्धवट. मला वाटायचं माझाच कोड चुकलाय, पण मी तर अजून एक ओळही लिहिली नव्हती. मैत्रिणीच्या घरी बसून एकदा पूर्ण होऊ दिलं. उतरलेलं मशीनवर साठून राहतं, त्यामुळे पुढच्या वेळी झटपट होतं.

धागाकर्ता
ह्यालाच जोडून: लाल अक्षरांची भिंत आली की घाबरून खिडकी बंद करू नका. ग्रेडलच्या मजकुरात 'व्हॉट वेंट राँग' अशी ओळ असते. आधी तिच्याखालचं वाचा. फ्लटरवाल्यांनी 'फ्लटर डॉक्टर' ही आज्ञा चालवावी, काय बसलंय आणि काय राहिलंय ते ती ओळीनं सांगते.

पुण्यात नोकरी, मूळ होटगी रोड
माझं दुखणं वेगळं होतं. बरीच वर्षं अँड्रॉइडची स्क्रीन एक्सएमएलच्या वेगळ्या फाइलींमध्ये मांडायची सवय. जुलै २०२१ मध्ये जेटपॅक कंपोजची (कोटलिनमध्येच स्क्रीन लिहायच्या नव्या पद्धतीची) पहिली स्थिर आवृत्ती आली आणि कंपनीनं तिकडे वळायला सांगितलं. 'हा मजकूर शोध, तो बदल' अशी आज्ञा द्यायची सोय तिथं नाही. माहिती बदलायची, स्क्रीन आपोआप नव्यानं काढली जाते. हे डोक्यात बसायला वेळ लागला, कारण जुनं येत होतं! सरावासाठी शेंगाचटणीच्या ऑर्डरची स्क्रीन केली. पाकिटं वाढवत न्यायची आणि फोन आडवा केला की आकडा परत १. कंपोजच्या 'रिमेंबर' या आज्ञेनं ठेवलेलं स्क्रीन पुन्हा काढताना टिकतं, पण फोन फिरवल्यावर स्क्रीन सांभाळणारी अ‍ॅक्टिव्हिटीच नव्यानं तयार होते. तिथं 'रिमेंबर सेव्हेबल' लागतं. हा एक प्रश्न स्वतः सोडवला आणि बाकीचं कंपोज सोपं वाटायला लागलं. नवशिक्यांना माझं सांगणं आहे, व्हिडिओ बघत पुढं पळू नका, एका स्क्रीनवर तळ ठोका.

डिप्लोमाला शिकवते
मुलांनी बाजार समितीतल्या कांद्याचे भाव दाखवणारं फ्लटर अ‍ॅप केलं. डिबगमध्ये (तपासणीच्या बिल्डमध्ये) उत्तम चाललं, पण रिलीज एपीके (लोकांना द्यायची इन्स्टॉल फाइल) टाकली की भाव येईनात. मुलं रडकुंडीला आली. फ्लटरच्या नव्या प्रोजेक्टमध्ये इंटरनेटची परवानगी डिबगच्या मॅनिफेस्टमध्ये (परवानग्या वगैरे नोंदवायच्या फाइलमध्ये) आधीच असते, मुख्य मॅनिफेस्टमध्ये आपण लिहावी लागते. एका ओळीचं काम! आणखी एक: सर्व्हर स्वतःच्याच लॅपटॉपवर असेल तर अँड्रॉइड एम्युलेटरमधून 'लोकलहोस्ट' (म्हणजे 'हेच यंत्र') हा पत्ता चालत नाही, १०.०.२.२ हा पत्ता द्यावा लागतो.

सात रस्ता
प्ले स्टोअरची तयारी आधीच करा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी क्लोज्ड टेस्टिंग (निवडक लोकांकडून चाचणी) सक्तीचं आहे. सुरुवातीला २० टेस्टर लागायचे, आता १२, सलग १४ दिवस. मी गल्लीतली, मामाकडची सगळी माणसं जमवली.

विजापूर रोड, बीसीए
माझ्याकडे मॅक नाही. आयफोनचं शिकायला सुरुवातच करता येणार नाही का?

धागाकर्ता
आयफोनची अ‍ॅप बनवायचं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं, हे खरं. पण फ्लटर घेतलंस तर अँड्रॉइड फोनवर अख्खं अ‍ॅप उभं कर. डार्टचा (फ्लटरच्या भाषेचा) बहुतेक कोड आयफोनलाही तोच चालतो. मॅक लागेल तो आयफोनचं बिल्ड काढताना, तेव्हा कुणाचा तरी मागून घेऊ. आज रात्री 'फ्लटर डॉक्टर' चालव आणि काय येतंय ते इथं टाक.