लहानपणी पाहिलेली ती चांद्रमोहीम नेमकी कोणती?

आई-वडील, भावंडं, शेजारी असे सगळे टीव्हीसमोर, आणि पडद्यावर चंद्र. एवढं आठवतं, पण मोहीम कोणती ते सांगता येत नाही. जाणकारांनी इथे ओळखायच्या खुणा द्याव्यात. भाष्य सगळीकडे सारखंच वाटतं, पण चित्रातले दोष प्रत्येक मोहिमेत निराळे होते, म्हणून शक्यतो तेच सांगा.

— चित्र आधी उलटं दिसलं आणि मग सुलट झालं असेल तर ती बहुधा अपोलो ११. कॅमेरा चांद्रयानाच्या बाहेरच्या कप्प्यात उलटा बसवलेला होता. शिडी उतरताना आर्मस्ट्राँगने कडी ओढून तो कप्पा उघडला. चित्र सुलट करायचं बटण पृथ्वीवरच्या केंद्रात होतं. ते दाबलं जाईपर्यंत सगळं खाली डोकं वर पाय.

त्या चित्रात माणसं आरपार दिसतात, त्यालाही कारण आहे. आवाज, यंत्रांची मोजमापं, अंतराळवीरांच्या हृदयाचे ठोके असं सगळं एकाच प्रक्षेपकातून येत होतं. टीव्हीच्या वाट्याला उरले जेमतेम ५०० किलोहर्ट्झ. म्हणून ३२० रेषा आणि सेकंदाला १० चित्रं. अमेरिकेतल्या घरगुती संचाला ५२५ रेषा आणि ३० चित्रं लागत. मग केंद्रात छोट्या पडद्यावर आलेलं चित्र दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपायचं आणि चुंबकीय तबकडीवरून तेच पुन्हा पुन्हा दाखवून मधल्या जागा भरायच्या. हलणाऱ्या माणसामागे सावली फरफटते ती या खटाटोपामुळे.

— वरच्यात भर. सुरुवातीचं चित्र कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन केंद्राचं, त्यात काळं आणि पांढरं फारच ठळक. पहिलं पाऊल जगाने पाहिलं ते ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीकमधून. साधारण नऊ मिनिटांनी पार्क्सच्या ६४ मीटर व्यासाच्या अँटेनाकडे प्रक्षेपण गेलं. चित्र अचानक निवळल्याचं आठवत असेल तर तो हाच बदल.

— वेळेवरूनही ताडता येतं. ते पाऊल पडलं तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २० जुलै १९६९ची रात्र होती, १०:५६. ब्रिटनमध्ये २१ तारखेची पहाट, ३:५६. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात भर दुपार, १२:५६.

— यान खाली उतरताना खिडकीतून चंद्र जवळ येतोय, असं आठवणाऱ्यांनी जपून. अपोलो ११च्या अवतरणाचं थेट चित्र नव्हतंच, फक्त आवाज होता. वाहिन्यांनी तेव्हा प्रतिकृती आणि चलचित्रं दाखवली. खिडकीतलं दृश्य १६ मिमी फिल्मवर टिपलं गेलं आणि यान परतल्यावर ती धुतली गेली. आठवण खोटी नसते, दोन वेगळ्या दिवसांची असते.

— रंगीत चित्र आलं आणि थोड्याच वेळात बिघडलं, वर पांढरा पट्टा आणि खाली काळोख? अपोलो १२, १९ नोव्हेंबर १९६९. कॅमेरा तिकाटण्यावर नेताना त्याचं तोंड सूर्याकडे झालं आणि आतली नळी जळाली. पुढच्या मोहिमांत भिंगाला झाकण दिलं.

या कॅमेऱ्यात लाल, हिरव्या, निळ्या काचांचं चाक फिरायचं आणि एकेक रंग पाळीपाळीने टिपला जायचा. त्यामुळे वेगाने हललेल्या हाताला तीन रंगांच्या कडा दिसत. चंद्रावर चालणाऱ्या माणसांच्या चित्रात या कडा आठवत असतील तर मोहीम अपोलो ११ नाही, हे नक्की.

— चंद्रावर अंतराळवीरांनी चालवलेली गाडी दिसली असेल तर अपोलो १५, १६ किंवा १७. तिच्यावरचा कॅमेरा पृथ्वीवरून, ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातून फिरवत. हुकूम पोचायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ आणि चित्र परत यायला तेवढाच. म्हणून चंद्रावरून परतणाऱ्या यानामागे कॅमेरा वर वळवायचा तर हुकूम उड्डाणाआधीच पाठवावा लागे. अपोलो १५ला तो वर वळलाच नाही आणि यान चौकटीतून निसटलं. यान उंच जाईपर्यंत दिसत राहिलं असेल तर ती अपोलो १७, डिसेंबर १९७२.

मात्र गाडी धूळ उडवत धावतेय, हे दृश्य थेट नव्हे. तिची छत्रीसारखी अँटेना पृथ्वीवर नेमकी रोखावी लागे आणि ते काम गाडी थांबल्यावरच होई. धावती गाडी फिल्मवरचीच.