शब्दचर्चा: कलम ‘उलटणे’ आणि सांगावा ‘अडवणे’

भाषांतरात अडकलेली: अस्थिमज्जा रोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्याच अंगावर उठतात, त्या ‘ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज’वर रुग्णांसाठी पत्रक लिहितेय. ‘कलम-विरुद्ध-यजमान रोग’ असं लिहिलं, तर एका आजींनी घाबरून विचारलं, “म्हणजे ह्यांना काय झालंय?” यजमान म्हणजे त्यांचे अहो! शिवाय मसुद्यात रुक्सोलिटिनिबला ‘जॅक प्रथिन नष्ट करणारे औषध’ म्हटलंय. चालेल?

कोयकलम: आंब्याची काडी खुंटाशी एकजीव झाली नाही, तर आम्ही ‘कलम धरलं नाही’ म्हणतो. शरीराने रोपण नाकारलं, तर ते तसं. तुमच्याकडे कलम धरलंय आणि मग उलटलंय. सरळ ‘कलम उलटणे’ म्हणा की.

प्रयोगशाळेतली: ‘उलटणे’ झकास. ‘नष्ट’ मात्र खोडाच. सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेला रासायनिक सांगावा, पेशीच्या दारावर येऊन थडकतं. दाराआड बसलेलं जॅक तो सांगावा स्टॅट या प्रथिनाकडे देतं, स्टॅट तो केंद्रकात नेतं: वाढा, तुटून पडा. रुक्सोलिटिनिब जॅक१ आणि जॅक२ मधली एटीपीची (पेशीच्या इंधनाची) जागा अडवून बसतं. जॅक असतं तिथेच, सांगावा मात्र पुढे जात नाही. दात्याच्या टी-पेशींचा, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, जोर ओसरतो. त्वचेवरचा पुरळ, जुलाब, कावीळ आटोक्यात येऊ शकतात. स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या तीव्र आजारासाठी अमेरिकेत २०१९ साली याला मान्यता मिळाली.

(जॅकचं आधीचं नाव गमतीत ‘जस्ट अनदर कायनेज’, म्हणजे ‘आणखी एक कायनेज’ असं होतं; कायनेज म्हणजे प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं विकर. मग दोन तोंडांच्या रोमन देवाचं, जेनसचं नाव मिळालं. नशीब काढलं!)

भाषांतरात अडकलेली: मग ‘जॅक-रोधक’?

प्रयोगशाळेतली: पत्रकात ‘रोगप्रतिकारक’ दहा वेळा असेल; शेजारी ‘रोधक’ आलं की वाचणारा घसरणार. ‘अडवणारे’ लिहा, पण कोणाचा सांगावा तेही लिहा. प्लेटलेट आणि तांबड्या पेशी बनवण्याचे सांगावेही जॅक२ कडूनच जातात. ते अडले की प्लेटलेट उतरतात, म्हणून रक्ततपासणी. आणि दात्याच्या पेशींचा पूर्ण नायनाट तर नकोच. उरलासुरला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, त्याच निपटतात.

कोयकलम: ‘सांगावा’ शहरात कळेल का? ‘निरोप’ बरा.

भाषांतरात अडकलेली: रुग्णालयाच्या पत्रकात ‘निरोप’? आजी पुन्हा घाबरतील. सांगावाच ठेवते.