मदत हवी आहे: पगारातून न विचारता पैसे कापले
नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ चाकणला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला आहे. या महिन्याच्या पगारपत्रकात पीएफ, ईएसआयच्या खाली 'इतर कपात १,८५०' अशी ओळ आली. सुपरवायझर म्हणतो, मशीनचा सेन्सर तुटला, शिफ्टमधल्या सगळ्यांवर वाटून घातला. ना नोटीस, ना कुणाची सही. (बोनस मात्र कधी असा वाटून आला नाही!) आधीच्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात (पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट) आणि आता त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही नुकसानीपोटी पैसे कापण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, एवढं मला माहीत आहे. पण तक्रार ठेकेदाराविरुद्ध करायची की कंपनीविरुद्ध? एकट्याने अर्ज द्यावा की सगळ्यांनी मिळून? गेटपास बंद करतील म्हणून भाऊ घाबरतोय. कुणी असे पैसे परत मिळवले असतील तर प्लीज सांगा.