रात्री बारा वाजता डोक्यावर दिसते ती शुक्राची चांदणी का?

दारंधऱ्या, परभणी
आमच्या फिडरला ह्या आठवड्यात रात्रीची लाइट आहे. बारानंतर गव्हाला दारं धरतो, तेव्हा बरोब्बर माथ्यावर एक ठसठशीत चांदणी असती, लुकलुकत बी नाही. शेजारचे आबा म्हणतात शुक्र. सातवीतली पोरगी म्हणती, नसंल. कोणाचं खरं? तिचा अजून एक सवाल: सूर्याजवळ बुध, मग सगळ्यात जास्त तापलेला शुक्र कामून?

जुना मास्तर, अंबाजोगाई
पोरीचं खरं. बुध आणि शुक्र आपल्या कक्षेच्या आतून फिरतात, म्हणून सूर्याला सोडून लांब जातच नाहीत. शुक्र फार तर ४७ अंश, बुध २८. शुक्र दिसला तर सांजच्याला पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला. मध्यरात्री माथ्यावर आहे तो गुरू. त्याच्या व्यासात अकरा पृथ्व्या ओळीनं बसतात, आणि एवढं धूड दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतं!

आता तापण्याचं. बुधाला वातावरण जवळपास नाहीच. दिवसा ४३० अंश सेल्सिअस, रात्री उणे १८०. आलेली उष्णता धरून ठेवायला कोणी नाही. शुक्रावर ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड, दाब आपल्या नव्वदपट. आत शिरलेली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून दिवस असो का रात्र, ४६० च्या आसपासच. आपण मे महिन्यात ४४ ला हाय खातो. सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-१३ यान १९८२ साली तिथं उतरलं, १२७ मिनिटं तगलं. त्या भट्टीत तेवढं टिकलं हेच लई.

दुर्बीणवाला, नांदेड
१०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दुर्बीण मिळाली तर खांबाला टेकवून गुरूकडं बघा. बाजूला एका रेषेत चार ठिपके दिसतील, कधी तीनच. गॅलिलिओनं १६१० मध्ये पाहिलेले चंद्र तेच. शनीची कडी मात्र असल्या दुर्बिणीत दिसत नाही, पोरीला आधीच सांगून ठेवा.

दारंधऱ्या, परभणी
धन्यवाद सर. आबा म्हणतात, मग पहाटे दाखव. पोरगी विचारती, गुरूवर उतरता येईल का?

जुना मास्तर, अंबाजोगाई
पाय टेकायला जमीनच नाही, हायड्रोजन आणि हेलियम नुसतं. १९९५ मध्ये गॅलिलिओ नावाच्या यानाच्या मोहिमेतलं एक छोटं शोधयान आत सोडलं होतं, तासाभराच्या आतच त्याचे संदेश थांबले. आणि आबांना सांगा, शुक्र काही महिने पहाटे असतो, काही महिने संध्याकाळी. उगाच गजर लावू नका.