सायकेडेलिक पोस्टर: नशेचं देणं की लायब्ररीतली उचलेगिरी?

अक्षरवेडा
१९६६-६७ ची सॅन फ्रान्सिस्कोची रॉक मैफलींची सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांसारखी, पोस्टरं दिसली की जो तो म्हणतो, एलएसडी (भास घडवणारं मादक द्रव्य) घेतल्याशिवाय असलं सुचत नाही. मला विचाराल तर त्यांना लागलं ते लायब्ररीचं कार्ड. त्यातल्या वेस विल्सन या पोस्टरकाराची ती फुगलेली, एकमेकांत घुसलेली अक्षरं घ्या आणि शेजारी आल्फ्रेड रोलरचं १९०३ चं व्हिएन्ना सेसेशन या कलाकार-मंडळाचं पोस्टर ठेवा. चौकट काठोकाठ भरून टाकायची तऱ्हा तीच. १९६५ मध्ये बर्कलीला जुन्या जर्मन पोस्टरांचं प्रदर्शन भरलं होतं, त्याच्या कॅटलॉगमधून ती विल्सनला मिळाली.

माऊस आणि केली या पोस्टरकारांच्या जोडगोळीनं तर कमालच केली. आल्फॉन्स मुखा या चेक चित्रकाराची १८९६ ची जाहिरात, तीसुद्धा सिगारेटच्या कागदाची. तीच बाई उचलली, केस तेवढे हिरवे केले. ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या पोस्टरवरचा गुलाब माळलेला सांगाडा तर चित्रकार एडमंड सलिव्हनचा, उमर खय्यामच्या रुबायांच्या १९१३ च्या आवृत्तीतला. सार्वजनिक वाचनालयात सापडला, घेतला. उचलेगिरी देखणी आहे, पण उचलेगिरीच.

शाईवाला
साफ असहमत. तुम्ही रेषेचा हिशेब मांडलात, रंगाचा कुठाय? सलिव्हनचा सांगाडा काळ्या रेघांचा होता, त्यात रंग या पोरांनी भरले.

आणि पोस्टरकार व्हिक्टर मोस्कोसोला विसरून कसं चालेल? हा येल विद्यापीठात चित्रकार जोसेफ आल्बर्सकडे शिकलेला. एका रंगाशेजारी दुसरा आला की दोघांचं काय होतं, हाच आल्बर्सचा ध्यास. भडक विरुद्ध रंग एकमेकांना भिडवू नयेत, असं कुठल्याही कला महाविद्यालयात शिकवतात. मोस्कोसोनं नेमके तेच भिडवले. तांबडा आणि निळा, दोघांचा उजळपणा सारखा, मध्ये काळी रेघ नाही. कड नेमकी कुठे आहे हे डोळ्याला ठरवता येत नाही, म्हणून ती थरथरते. कोरा चहा पिऊन बघा, तरी थरथरेल. मी ऑफसेट छपाईवर काम केलंय. रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसऱ्या रंगाच्या छापाची जुळणी, केसभर सरकलं की मध्ये पांढरी फट येते आणि सगळी गंमत जाते. मुखाची कॉपी मारणाऱ्याला हे जमत नाही.

अक्षरवेडा
म्हणजे नशा नव्हे, येलची शिकवणी! माझंच म्हणणं झालं की.

शाईवाला
नशेबद्दल भांडण नाहीच. 'उचलेगिरी' हा शब्द मागे घ्या.

सरळमार्गी
तुमचं चालू द्या, पण वाचता येत नाही ते पोस्टर कसलं? मैफल कधी, कुठे, तिकीट केवढ्याला, एवढंच सांगायचं काम. विल्सनची ती हिरव्यावर लाल ज्वाळांची अक्षरं (जुलै १९६६, फिलमोर सभागृह) मला पाच मिनिटांत लागली नाहीत.

शाईवाला
पाच मिनिटं थांबलात ना? जाहिरातवाल्याला आणखी काय हवं असतं! ही पोस्टरं लावल्या लावल्या लोक काढून घरी नेत. आयोजक बिल ग्रॅहमनंही वाचता येत नाही म्हणून कुरकुर केली होती, पण छापत राहिलाच.

कोकणस्थ_नाही
मुखाचं काय घेऊन बसलात, आपल्याकडचं बघा. जानेवारी १९६७ च्या, हिप्पींच्या 'ह्यूमन बी-इन' मेळाव्याच्या पोस्टरवर जटाधारी साधू, कपाळावर तिसरा डोळा. त्याच वर्षी रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या 'अ‍ॅक्सिस' रेकॉर्डच्या कव्हरवर विराटरूप, विष्णूच्या जागी हेंड्रिक्स आणि त्याचे दोन साथीदार. सरळ बाजारातल्या धार्मिक चित्रावरून घेतलेलं. हेंड्रिक्सला स्वतःलाही ते रुचलं नव्हतं. मुखा निदान प्रसिद्ध होता. त्या साधूचं नाव कुणी विचारलं?

शाईवाला
मग आपली देवादिकांची छापील चित्रं तरी कुठून आली? राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मन, तंत्रज्ञही जर्मन, चित्रणाची रीत युरोपियन. तिकडचं इकडे, इकडचं तिकडे.

अक्षरवेडा
हे नाही पटत. रविवर्म्यानं तंत्र आणलं, कुणा जर्मन चित्रकाराची लक्ष्मी उचलून तिला हिरवे केस नाही लावले. विल्सननं रोलरचं वळण घेऊन स्वतःची अक्षरं काढली, त्याला मी उसनवारी म्हणेन, चला. मोस्कोसोला तर पूर्ण माफी. सांगाडा मात्र सलिव्हनचाच राहणार, तुम्ही त्यात कितीही रंग भरा.