मदत हवी आहे: 'नाइस' म्हणजे 'छान' नाही, तर काय?

अडलेला_भाषांतरकार
'नाइस'ला 'छान'शिवाय दुसरा अर्थ आहे का? 'चांगला', 'सुंदर' सगळं घालून पाहिलं, बसत नाही. संध्याकाळी मजकूर द्यायचाय. लवकर सांगा.

कोशकीटक
मूळ लॅटिन 'नेस्कियस', म्हणजे अजाण. 'ने' हा नकार, 'स्किरे' म्हणजे जाणणे. 'सायन्स'ही त्याच 'स्किरे'तून आलेला. फ्रेंचमार्गे १३००च्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता मूर्ख. 'छान' रुळला थेट अठराव्या शतकात. मजकूर जुना असेल तर 'मूर्ख' घालून बघा.

रेवा_त
पूर्ण वाक्य न बघता 'मूर्ख' कसं सुचवता? कुठला मजकूर, 'नाइस'पुढे कुठला शब्द, ते आधी कळू दे.

सदाशिव१२
ईमेलमध्ये 'नाइस' सारखा वापरू नये. 'प्लेझंट', 'काइंड' लिहा.

अडलेला_भाषांतरकार
ईमेल नाही हो! कोर्टाचा निकाल आहे, अलीकडचाच. 'अ नाइस क्वेश्चन ऑफ लॉ'.

रेवा_त
हे पहिल्यांदाच सांगायचं ना. इथे 'नाइस' म्हणजे बारीक फरकावर अवलंबून असलेला. 'कायद्याचा सूक्ष्म प्रश्न' लिहा. कायद्याच्या इंग्रजीत हा अर्थ आजही चालतो, त्यामुळे निकालाच्या सालाने फरक पडत नाही.

पक्षकार
'नाजूक प्रश्न' जास्त मराठी वाटतं.

रेवा_त
नको. मराठीत 'नाजूक प्रश्न' म्हटलं की कुणाच्या तरी भावना दुखावतील असा प्रश्न वाटतो. 'गुंतागुंतीचा'ही नको. मुद्दा एकच असू शकतो, फक्त रेघ कुठे ओढायची ते ठरवणं अवघड.

कोशकीटक
मान्य, 'मूर्ख' मागे घेतो. पण मधला टप्पा इथे कामाचा आहे. मूर्खावरून अर्थ सरकला चोखंदळपणाकडे, तिथून काटेकोर आणि सूक्ष्म. 'नाइसिटी'त तो अजून टिकलाय. 'सिली'चा प्रवास नेमका उलटा: आधी धन्य, मग बिचारा, मग मूर्ख. आपल्याकडे 'शिक्षा' बघा, संस्कृतात शिकवण, मराठीत दंड.

पक्षकार
नाइस बिस्किट यातूनच का?

कोशकीटक
फ्रान्समधल्या शहराचं नाव तसंच लिहितात, पण उच्चार 'नीस' आणि मूळ ग्रीक 'निकाया', विजयाशी नातं सांगणारं. या विशेषणाशी त्याचा संबंध नाही.

अडलेला_भाषांतरकार
'सूक्ष्म' चपखल बसला. पुढच्याच परिच्छेदात 'नाइसली बॅलन्स्ड' आहे. 'छान संतुलित'?

रेवा_त
तिथेही 'छान' नको. युक्तिवादांबद्दल असेल तर 'दोन्ही बाजू जवळजवळ तुल्यबळ'. आणि एखाद्याला कपड्यांच्या बाबतीत 'नाइस' म्हटलं असेल, तर तिथे 'चोखंदळ'.